करवंट्यांचा कोळसा

सत्यभामाबाईंनी इंद्रभानला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो साखरखेर्ड्याच्या मारुतीमागे, उकिरड्याच्या कडेला, उकिडवा बसला होता. हनुमान जयंतीचा भंडारा चालू होता. पुढे पंगती बसत होत्या, मागे बायका वरणाच्या पातेल्यांपाशी घामाघूम झाल्या होत्या, आणि हा मनुष्य फोडलेल्या नारळांच्या करवंट्या उचलून, झटकून, आतून बोट फिरवून पोत्यात टाकत होता. अंगात टेरिलीनची पँट होती आणि शर्टाच्या खिशाला पेन. पेनवाला भिकारी सत्यभामाबाईंनी आजवर पाहिला नव्हता. पण वर्ष दुष्काळाचं होतं, आणि दुष्काळात चांगल्या घरची माणसंही हात पसरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पत्रावळ भरली, त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आधी जेव बाबा. मग वेच."

तो जेवला. संकोच नाही, नमस्कार नाही. वरण पुन्हा मागितलं. सत्यभामाबाईंची भाची अन्नपूर्णा वरणाची बादली घेऊन मागे उभी होती, तिनं ते वाढलं. मग भुरका मारता मारता त्यानं विचारलं, या करवंट्यांचं एरवी काय करता? चुलीत घालतो, दुसरं काय करणार, असं सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यावर त्यानं मान हलवली, बोटं चाटली आणि सांगितलं, की असल्या वस्तूला चुलीत घालणं हे ढोरांचं काम आहे.

अख्ख्या गावाला ढोर म्हणून तो पोतं खांद्यावर टाकून निघून गेला. तो भिकारी नसून शेजारच्या भगवंतरावांचा घाटाखालचा भाचा आहे, हे मागाहून कळलं. सत्यभामाबाईंना त्याची लाज वाटली नाही. भिकारी असता, तर निदान तोंड भरून आशीर्वाद देऊन गेला असता, एवढंच त्या म्हणाल्या.

सत्यभामाबाई या अर्जुनरावांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला, सासरी कोणी थांब म्हटलं नाही, तेव्हापासून त्या भावाच्या घरी होत्या. अन्नपूर्णा रांगती असतानाच अर्जुनरावांची बायको वारली आणि पोर आत्याच्या मांडीवर वाढली. सत्यभामाबाईंच्या जिभेला हाड नाही, असं गाव म्हणे. ते खरं नव्हे. हाड होतं, आणि तेच लागत असे. त्यांचा आवाज मात्र कधी चढत नसे. शेंगा निवडताना किडकी शेंग बाजूला टाकावी, तसा त्या माणूस बाजूला टाकत, आणि पुढची शेंग हातात घेत.

अन्नपूर्णेसाठी आलेली स्थळं त्यांनी अशीच बाजूला टाकली होती. चिखलीचा एक दुकानदार होता. तो स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच आधी हसतो, म्हणून गेला. मेहकरकडचा एक उंचापुरा मुलगा होता. त्याला बाशिंग बांधायला शिडी आणावी लागेल, म्हणून गेला. एका घरचा ओटा पडका निघाला. दुसऱ्या घरचा ओटा फारच नवा निघाला, म्हणजे हे लोक कालपर्यंत कसे राहत होते, असा प्रश्न सत्यभामाबाईंना पडला. अर्जुनराव ऐकून घेत. आपली बहीण खोट काढत नाही, खोट शोधते, हे त्यांना कळत होतं, आणि कशासाठी शोधते तेही. अन्नपूर्णा गेली की त्या घरात दोन उतरत्या वयाची माणसं आणि एक चूल उरणार होती. पण हे बहिणीला कोणी सांगायचं? पोरीचं वय मात्र पुढे चाललं होतं, आणि अलीकडे स्थळं येण्याची गती मंदावली होती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात भगवंतराव पागोटं सारखं करत अर्जुनरावांच्या ओट्यावर येऊन बसले आणि आपल्या भाच्याचं नाव काढलं. मुलगा धामणगाव बढ्याचा. घरी आई, विहिरीचा मळा, कांदा-वांगी चांगली होतात. बुलढाण्याच्या कॉलेजात सायन्स शिकायला होता, पण बाप वारला आणि शिक्षण अर्धं राहिलं.

"सायन्स शिकून करवंट्या वेचतो का तो?" दारातून सत्यभामाबाईंनी विचारलं.

भगवंतराव चाचरले नाहीत. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, आणि ती जसजशी पुढे गेली तसतसा सत्यभामाबाईंचा चेहरा खुलत गेला, कारण त्यांना हवं होतं ते सगळं तिच्यात होतं.

इंद्रभाननं मळ्यात गोबर गॅसची टाकी बांधली होती. शेणाचा काला आत घालायचा, त्याचा गॅस होतो, तो शेगडीत जळतो. रॉकेल मिळेनासं झालं होतं, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण गोठा मळ्यात, घर गावात, आणि मधे चुलतभावाचं, तुळशीरामचं, वावर. तुळशीराम म्हणाला, माझ्या वावरातून तुझ्या शेणाची नळी जाणार नाही. बांधावरून दोघांत आधीच बोलणं बंद होतं. आता नळीवरूनही झालं. मग इंद्रभान ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणून तिच्यात गॅस भरू लागला. ती फुगलेली ट्यूब बैलगाडीवर बांधून तो गावातून जाई, आणि कोणी विडी ओढताना दिसला की लांबूनच ओरडे. एवढा खटाटोप केला तरी एका वेळचा स्वयंपाक काही त्यात होत नसे. म्हणून आता त्यानं कोळशाची युक्ती काढली होती. करवंट्यांचा कोळसा करून लोखंडी ढोलात, म्हणजे झाकणबंद पिंपात, भरायचा. कोळसा गॅस पितो. रिकाम्या ढोलात मावेल त्याच्या कितीतरी पट गॅस कोळशानं भरलेल्या ढोलात मावतो.

"भरलेल्या भांड्यात जास्त मावतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अन् रिकाम्यात कमी. वा. घाटाखालचं सायन्स."

स्थळ तिथंच संपलं असतं. पण त्याच संध्याकाळी त्या परसात गोवऱ्या आणायला गेल्या तेव्हा गोठ्याच्या भिंतीशी त्यांना करवंट्या दिसल्या. घरच्या, शेजारच्या, देवळातल्या. आतून खरवडून स्वच्छ केलेल्या, एकीत एक बसवून ठेवलेल्या. त्यांच्या घरात करवंटी कधी उरत नसे. आंघोळीचं पाणी तापवायला तिच्यासारखं जळण नाही.

"ह्या कशाला गं?" त्यांनी विचारलं.

"असू दे, आत्या," अन्नपूर्णा म्हणाली, आणि बादली घेऊन विहिरीकडे गेली.

सत्यभामाबाई बराच वेळ त्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. पोरगी लहानपणापासून त्यांच्याशी सगळं बोलत आली होती, आणि ही गोष्ट बोलली नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भावाला सांगितलं, की जाऊन घर पाहून येऊ. नाहीच म्हणायचं आहे, तर पाहून म्हणू. अर्जुनरावांनी मान हलवली. आपण नकार द्यायला चाललो आहोत, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

निघताना सत्यभामाबाईंनी लाडवांचा डबा भरला आणि त्यात रीतीप्रमाणे कोळशाचा एक खडा ठेवला. वाटेनं खाण्याची वस्तू न्यायची तर बाहेरचं काही तिला लागू नये, म्हणून कोळसा असावा लागतो. भगवंतराव सोबत होते. बुलढाण्याला गाडी बदलली, तिथपर्यंत वारा तरी होता. घाट उतरताच अंगाला झळा लागू लागल्या. सत्यभामाबाईंना घाटाखालचं काहीच मानवत नसे. तिथलं पाणी खारट, ऊन दुष्ट, आणि माणसं 'मले-तुले' बोलतात. असल्या उन्हात ज्यांची डोकी तापतात, ते कोळशाला गॅस पाजतील नाहीतर काय करतील, असं त्या गाडीतच बोलून गेल्या. पुढच्या बाकावरचा एक घाटाखालचा माणूस मागे वळून पाहू लागला, तेव्हा अर्जुनरावांनी खिडकीबाहेर बघितलं.

धामणगावात घर चांगलं निघालं, हीच पहिली अडचण झाली. अंगण सारवलेलं, ओटा ना पडका ना नवा. इंद्रभानची आई गीताबाई हसतमुख होत्या, बोलायला मोकळ्या होत्या, आणि त्यांनी हात धुवायला दिलेलं पाणी खारट नव्हतं. पुरुष पुढच्या खोलीत बसले. सत्यभामाबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कारण घर बघायचं ते तिथं. चूल एका बाजूला होती, विझलेली. शेजारी दगडी ओट्यावर लोखंडी शेगडी, तिला रबरी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या रांजणाजवळ, तो ढोल. ढोलाला गोणपाट गुंडाळलेलं होतं, आणि गोणपाट ओलं होतं. गीताबाई येताजाता त्यावर तांब्याभर पाणी ओतत होत्या.

घाटाखाली उन्हाळ्यात जे जे जपायचं, त्याला ओलं गोणपाट लागतं. रांजणाला, विड्याच्या पानांच्या टोपलीला, आजाऱ्याच्या खिडकीला. इंद्रभाननं मळ्यात ढोल भरताना पाहिलं होतं, की कोळसा गॅस पिऊ लागला की ढोल कोमट होतो, आणि तो थंड ठेवला तर आणखी पितो. म्हणून रात्री टाकीला जोडून ठेवताना तो त्यावर ओलं गोणपाट टाकी. घरी आणल्यावर आईनं तेच पुढे चालू ठेवलं. लेकाची एवढी मोलाची वस्तू, पाहुणे यायच्या दिवशी, उन्हानं तापून फुटली तर?

सत्यभामाबाई त्या ढोलाच्या अगदी शेजारी बसल्या. त्या घरात गारवा असलेली ती एकच जागा होती.

मग इंद्रभान आत आला. पँट तीच होती. पुढच्या खोलीतून अर्जुनराव आणि भगवंतराव दारात येऊन उभे राहिले, आणि तुळशीरामही. बोलणं बंद असलं तरी तमाशा बघायला त्याला कोणाची बंदी नव्हती. इंद्रभाननं सगळ्यांकडे मास्तर वर्गाकडे बघतो तसं बघितलं आणि समजावू लागला. कॉलेजात सरांनी पाऱ्यावर उलटी धरलेली वायूची नळी दाखवली होती. तिच्यात कोळशाचा तुकडा सोडला, तर तुकड्यानं सगळा वायू पिऊन टाकला आणि पारा नळीत वर चढला. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरून गेले, कारण ते गाढव होते. मामानं कोळसा पितो म्हणून सांगितलं असेल, तर तेही अर्धवट आहे. कोळसा पीत नाही, बसायला जागा देतो. कोळशात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. एका करवंटीच्या कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर मोठं वावर झाकून जाईल. करवंटीचा कोळसा त्यात सगळ्यांत चांगला. बंद डब्यात भाजायचा आणि लाल झाल्यावर त्यातून वाफ सोडायची, म्हणजे छिद्रं आणखी मोकळी होतात.

"रिकाम्या पिंपात मधमाश्या सोडल्या तर किती राहतीन?" तो म्हणाला. "उडाले जागा लागते ना त्याहीले. पण पिंपात मेणाची पोळी टांगून द्या. मंग पाहा. भिंतीले चिकटून चिकटून बसतीन, हजारानं जास्त मावतीन. तसा हा गॅस. एवढं साधं आहे. पण या गावात डोकं फक्त टोपीसाठी आहे."

"मधमाश्या निदान मध देतात," सत्यभामाबाई म्हणाल्या.

इंद्रभानची नजर त्यांच्या उघड्या डब्याकडे गेली. गीताबाईंनी लाडू काढून घेतले होते आणि काळा खडा तळाशी राहिला होता.

"तुमीही तर ठेवला कोळसा, आत्याबाई. तो काय करते?"

"बाहेरचं काही असेल ते ओढून घेतो."

"मंग हाच धंदा तर याचा," इंद्रभान म्हणाला, आणि कोणी हसायच्या आत त्यानं काडी ओढली.

ज्योत लागली. निळी होती, आणि वास नव्हता. शेणाची घाण सुटणार, आपण पदर नाकाला लावणार, या तयारीनं सत्यभामाबाई बसल्या होत्या. त्यांनी दोनदा श्वास ओढून बघितला. शेणाचा वासही कोळशानं ठेवून घेतला होता. गीताबाईंनी चहाचं आधण ठेवलं. त्या भागात मुलीकडची माणसं घर बघायला आली, की चहा घेऊन उठली तर बोलणं पुढे जाई, आणि चहा न घेता उठली तर नकार समजत. म्हणून त्या पातेल्याकडे सगळे बघत होते, आणि त्याच्या बुडाला बारीक बुडबुडे धरले होते, तेवढ्यात ज्योत खाली बसली. पिवळी झाली, फुरफुरली आणि गेली.

इंद्रभाननं नळी हलवली. तोटी फिरवून पाहिली. नळी विकणाऱ्या मलकापूरच्या दुकानदाराला नावं ठेवली, काडेपेटी करणाऱ्यांना नावं ठेवली. पुन्हा काडी ओढली. ज्योत जीव नसल्यासारखी वर आली आणि पुन्हा गेली. मळ्यात तर हाच ढोल छान चालला होता, असं तो दोनदा म्हणाला. 

"काऊन बे," दारातून तुळशीराम म्हणाला. बोलणं बंद असल्यानं तो हे छताकडे बघून म्हणाला. "कोळशानंच खाल्ला वाटते सारा गॅस. ढेकर दिला का पाहा."

गीताबाई निमूटपणे चुलीकडे वळल्या आणि काटक्या मोडू लागल्या. इंद्रभान तिथूनच म्हणाला, "चूल पेटवू नको, आई. चहा याच्यावर होईन. नाई तर होणार नाई."

गीताबाईंचे हात थांबले. आपल्या लेकानं आत्ता काय पणाला लावलं, हे त्या खोलीत त्यांनाच सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं, आणि मग खाली.

सत्यभामाबाईंना हवं तेच झालं होतं. एक शब्द न बोलता, खोट न शोधता, स्थळ आपलं आपण मोडलं होतं. घरी जाऊन सांगायचं, की बाई गं, त्याच्या घरी साधा चहा झाला नाही. गाव हसेल. अन्नपूर्णा काही बोलणार नाही. बादली घेऊन विहिरीवर जाईल. आणि परसातल्या त्या करवंट्या एक एक करून चुलीत जातील.

हे शेवटचं त्यांच्या मनात यायला नको होतं. त्या उठायला म्हणून हलल्या आणि लक्षात आलं, की लुगड्याचा मागचा सगळा भाग भिजलेला आहे. गोणपाटाचं पाणी ठिबकून ठिबकून खाली ओघळ गेला होता. साखरखेर्ड्याहून उगीच एवढं लांब आलेल्या बाईला राग यायला तेवढं पुरेसं होतं.

"हे ढोलकं आधी बाहेर टाका," त्या म्हणाल्या. "अन् ते गोणपाट सोडा, कुजकं. उन्हात पडू द्या त्याला. काही कामाचं नाही अन् माणसाचं लुगडं भिजवू राहिलं."

आवाज नेहमीसारखा खालीच होता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. अर्जुनराव आणि भगवंतरावांनी गोणपाट सोडलं आणि ढोल मागच्या दारातून अंगणात लोटला. इंद्रभाननं नळी तेवढी काढू दिली नाही. ती दारातून लांब ताणली गेली. तो स्वतः शेगडीशी तोटी धरून बसला.  परतीची मोताळ्याची गाडी ऊन उतरल्यावर होती, त्यामुळे कोणाला कुठं जाताही येईना. तुळशीराम पुढचं बघायला थांबला. सत्यभामाबाई पदरानं वारा घेत, लुगडं वाळायची वाट बघत बसल्या. पातेल्यातलं पाणी निवलं होतं. मागच्या अंगणात ढोलाचा पत्रा उन्हानं मधूनच टक् टक् वाजत होता.

शेगडी सूं सूं करते आहे, हे सगळ्यांत आधी सत्यभामाबाईंनी ऐकलं. इंद्रभाननं तोटी उगाच फिरवली होती, त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी बोटानं शेगडी दाखवली. त्यानं काडी ओढली. ज्योत लागली, आणि या वेळी मोठी लागली, सगळ्या भोकांतून, एका आवाजात. गीताबाईंनी गडबडीनं पातेलं सारखं केलं. इंद्रभान धावत अंगणात गेला, ढोलाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. परत आत आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, की आता व्याख्यान. तुळशीरामनं तर पाठ वळवायची तयारी केली.

इंद्रभान सत्यभामाबाईंच्या समोर खाली बसला.

"आत्याबाई, तुमाले कसं कळलं?"

"काय कळलं?"

"का उन्हात ठेवलं म्हंजे तो सोडते ते."

"मला काही कळलं नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माझं लुगडं भिजलं."

इंद्रभाननं भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली.

"मले बी कळलं नोतं," तो म्हणाला. "थंड केलं की धरून ठेवते, हे मी पाह्यलं होतं. मंग गरम केलं का सोडीन, एवढं पुढचं मले सुचलं नाई. मळ्यात ढोल उन्हातच राहे, म्हणून चाले. मी समजलो माह्या हुशारीनं चालून राह्यला. वर्षभर, आत्याबाई. आईनं पाणी टाकलं, तिचा काय दोष. मी गाढव."

हे तो तुळशीरामच्या देखत म्हणाला. सत्यभामाबाईंनी आजवर पाहिलेल्या नवरदेवांपैकी एकानंही त्यांच्यासमोर स्वतःला गाढव म्हटलं नव्हतं. त्यांना ते नेहमी स्वतःच म्हणावं लागलं होतं. इथं म्हणायला काही शिल्लकच राहिलं नाही, आणि त्यांना एकदम रिकाम्या हातानं बसल्यासारखं झालं.

चहा उकळला. गीताबाईंनी कपबश्या भरल्या आणि पहिली बशी सत्यभामाबाईंसमोर धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. गीताबाई ती पुढे धरूनच उभ्या राहिल्या. अर्जुनराव दारातून बहिणीकडे बघत होते. थंड ठेवलं की धरून ठेवतं, हे तो मुलगा कोळशाबद्दल म्हणाला होता, पण ते शब्द सत्यभामाबाईंच्या कानातून जाईनात. शेवटी त्यांनी बशी घेतली आणि चहा प्यायल्या. साखर जास्त झाली आहे, असं म्हणाल्या. मग इंद्रभानकडे न बघता बोलल्या,

"साखरखेर्ड्याला गाडी घेऊन ये. आमच्या परसात करवंट्यांचा ढीग पडलाय. विंचू होतात त्यात. तुझ्या आहेत, तू उचलून ने."

अर्जुनरावांनी उपरणं डोळ्यांशी नेलं आणि घाम पुसल्यासारखं केलं. गीताबाई आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आल्या. कोळशातलं न दिसणारं छिद्र न् छिद्र ज्याला ठाऊक होतं, त्या इंद्रभाननं तेवढ्यात विचारलं, "पोते किती आणू?"

"हे कसं होईल बाई या पोरीचं," सत्यभामाबाई भावाला म्हणाल्या. गाडीत घाट चढेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा हेच म्हणत होत्या.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. करवंट्या वऱ्हाडाच्या गाडीतून नवरीबरोबर धामणगावला गेल्या, आणि त्यावर दोन्ही गावांनी पोटभर हसून घेतलं. त्या ढोलावर अन्नपूर्णेनं एक-दोन उन्हाळे स्वयंपाक केला; सकाळी उन्हात लोटायचा, संध्याकाळी मळ्यात भरायला गाडीवर चढवायचा. पावसाळ्यात ढोल काही द्यायचा नाही, तेव्हा चूल. मग तुळशीरामच्या सुनेनं घरात गॅसची शेगडी हवी म्हणून हट्ट धरला, आणि तुळशीरामला टाकीतून स्वतःसाठीही नळी हवी झाली. तेव्हा त्याच्या वावरातून नळी जाऊ लागली, आणि शेणाच्या वासाबद्दल तो काही बोलला नाही. ढोलाची गरज सरली. एवढं मोठं सायन्स, आणि शेवटी काय, तर नळी, असं सत्यभामाबाई म्हणाल्या. ढोलात आता ज्वारी ठेवतात. इंद्रभान मात्र अजून करवंट्या जमवतो, बंद डब्यात भाजतो, आणि या वेळचा कोळसा मागच्यापेक्षा कसा जास्त धरतो, हे ऐकणाऱ्याला गाढव समजून सांगतो. ऐकणारे पांगतात.

अर्जुनराव गेल्या साली वारले. सत्यभामाबाई अन्नपूर्णेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी म्हणून धामणगावला आल्या, त्या अजून परतायच्या आहेत. घाटाखालचं ऊन त्यांना मानवत नाही, हे त्या रोज सांगतात. स्वतःचा चहा त्या चुलीवर करतात. इंद्रभान दुपारी मळ्यातून जेवायला येतो, आणि त्याचं ताट सत्यभामाबाई वाढतात.